घशाचा संसर्ग आणि मुलांमधील मंत्रचळ

पौड, ता. मुळशी : पंधरा दिवसांपूर्वी मुलाचा घसा दुखला, ताप आला आणि उतरलाही. मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले. मात्र एके दिवशी अचानक ते तासन्‌तास हात धुऊ लागले, दाराची कडी पुन्हापुन्हा तपासू लागले, आईला क्षणभरही सोडेनासे झाले. अशा वेळी कोणी त्याला हट्ट म्हणते, कोणी अभ्यासाचा ताण, तर कोणी नजर लागली म्हणून अंगारा लावते. घशाच्या दुखण्याविषयी डॉक्टरांना सांगायचे मात्र राहून जाते.

पुन्हापुन्हा मनात येणारे नकोसे विचार आणि ते शमविण्यासाठी केल्या जाणाऱ्या कृती, या विकाराला 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' अर्थात मंत्रचळ म्हणतात. तो बहुधा हळूहळू वाढतो. काही मुलांमध्ये मात्र तो एक-दोन दिवसांत उफाळून येतो. अमेरिकेतील डॉ. सुसान स्वीडो यांनी १९९८ मध्ये अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली आणि स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गाशी जोडलेल्या या विकाराला 'पँडास' हे नाव रूढ झाले.

नेमके काय घडते?

या जिवाणूशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. जिवाणूच्या काही घटकांचे शरीरातील पेशींशी साम्य असल्याने ही प्रतिपिंडे स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकतात. सांधे व हृदयाला ग्रासणारा ऱ्हुमॅटिक ताप असाच उद्भवतो. त्याच तापात काही मुलांचे हातपाय अनावर हलू लागतात. 'सिडनहॅम कोरिया' नावाच्या या विकारात मंत्रचळाची लक्षणेही आढळतात. मेंदूतील 'बेसल गँग्लिया' या भागावर असाच हल्ला होऊन 'पँडास' होत असावा, असा तर्क आहे. तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

मतभेद कोठे?

डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोकॉकसची चाचणी सकारात्मक आलेल्या मुलांत मंत्रचळाचा धोका ५१ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र घशाच्या अन्य संसर्गांनंतरही मानसिक विकारांचा धोका काहीसा वाढलेला दिसला. शिवाय मंत्रचळाचे प्रमाणच मुळात कमी असल्याने, घसा दुखलेल्या बहुतांश मुलांना काहीही होत नाही. रक्तातील वाढलेली प्रतिपिंडे केवळ पूर्वी संसर्ग झाल्याचे सांगतात. त्यावरून 'पँडास' ठरत नाही.

पालकांनी काय करावे?

लक्षणे अचानक सुरू झाल्यास बालरोगतज्ज्ञांना नेमकी तारीख आणि त्याआधीचे आजारपण सांगावे. हस्ताक्षर बिघडणे, अंथरूण ओले करणे, जेवण नाकारणे, मान वा डोळ्यांना झटके येणे याही बाबी नोंदवाव्यात. घशातील स्राव तपासून जिवाणू आढळल्यास डॉक्टर पेनिसिलीन किंवा तत्सम प्रतिजैविक देतात. हे औषध भारतात बनविण्यासाठी मुळशीच्या शेजारीच, पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला होता. घसा बरा वाटला तरी औषधाचा ठरलेला काळ, बहुधा दहा दिवस, पूर्ण करावा. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार मिळाल्यास ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. उलट, तपासणीविना वारंवार प्रतिजैविके देणे अपायकारक ठरते.

कारण कोणतेही असो, मंत्रचळावरील समुपदेशन व आवश्यक तेथे औषधोपचार थांबवू नयेत. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठी उपलब्ध आहे. ताम्हिणीकडच्या वाडीवरचे मूल असो वा हिंजवडीतील सोसायटीतले, त्याला रागावून हे हात धुणे थांबत नाही. घसा तपासावा आणि मनाकडेही पाहावे. एकासाठी दुसऱ्याकडे दुर्लक्ष नको.