टेलिफोन लाइन सिम्युलेटर

टेलिफोन एक्स्चेंज आणि तेथून ग्राहकापर्यंत जाणारी वाहिनी यांचे कार्य प्रयोगशाळेतील मेजावर घडवून आणणारे उपकरण. दूरध्वनी संच, मोडेम वा फॅक्स प्रत्यक्ष जोडणीपूर्वी त्यावर तपासतात. काळी नदीच्या खोऱ्यातील जोयडा तालुक्यात वस्त्या जंगलात विखुरलेल्या आहेत. सदोष संच तेथून परत आणण्यापेक्षा आधीच पारखून पाठवणे श्रेयस्कर ठरते.

उपकरण सिरियल किंवा यूएसबी केबलने संगणकाला जोडून सोबतच्या सॉफ्टवेअरमधून मूल्ये भरली जातात. भारतीय वाहिनीसाठी ४८ व्होल्ट दिष्ट दाब, ४०० हर्ट्झवर आधारित डायल टोन आणि घंटेसाठी सुमारे ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब लागतो. घंटा ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजून २ सेकंद शांत राहते. अमेरिकी पद्धतीत ती २ सेकंद वाजून ४ सेकंद थांबते. उपकरणात तीच मूल्ये राहिल्यास चाचणी फसवी ठरते.

अंतरही विसरून चालत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारजोडीचा रोध किलोमीटरमागे सुमारे १७५ ओहम असतो. पाच किलोमीटरवरील वस्तीसाठी ८७५ ओहमचा रोध धरावा लागतो. उपकरणात तशी सोय नसल्यास तेवढा रोधक बाहेरून जोडतात. मेजावर सुरळीत चालणारा संच या क्षीण प्रवाहावर बंद पडू शकतो.

ग्रामीण दूरध्वनीच्या इतिहासात या परिसराचे स्थान मोलाचे आहे. सी-डॉटने विकसित केलेले, वातानुकूलनाविना चालणारे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे प्रथम कार्यान्वित झाले.

सिम्युलेटर चालू वाहिनीला कधीही जोडू नये. घंटेचा दाब असताना उघड्या तारांना स्पर्श करू नये.