क्वेबेक : संघराज्य आणि सार्वभौमत्वाची मागणी

क्वेबेक हा कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि फ्रेंच भाषकांचे बहुमत असलेला एकमेव प्रांत होय. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ८५ लाख असून त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. संपूर्ण कॅनडात हेच प्रमाण जेमतेम एक-पंचमांश भरते. प्रांतात बहुसंख्य आणि देशात अल्पसंख्य, या दुहेरी स्थितीत सार्वभौमत्वाच्या चळवळीचे मूळ आहे.

पार्श्वभूमी

१८६७ च्या संघराज्य कायद्याने शिक्षण, मालमत्ता व दिवाणी हक्क हे विषय प्रांतांकडे सोपवले आणि क्वेबेकमधील फ्रेंच परंपरेचा दिवाणी कायदा टिकून राहिला. तरीही १९६० पर्यंत शिक्षण व आरोग्यसेवा यांवर कॅथलिक चर्चचा, तर उद्योगधंद्यांवर इंग्रजी भाषकांचा वरचष्मा होता. १९६० मध्ये सत्तेवर आलेल्या झाँ लसाज यांच्या सरकारने वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, शिक्षण खाते स्थापन केले आणि प्रांताची स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना आणली. हा कालखंड ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखला जातो. १९६८ मध्ये रने लेव्हेक यांच्या नेतृत्वाखाली पार्ती केबेक्वा हा पक्ष स्थापन झाला. १९७० मध्ये एका सशस्त्र गटाने प्रांतिक मंत्री प्येर लापोर्त यांचे अपहरण करून त्यांची हत्या केली. या हिंसेने लोकमत दुरावले आणि पुढील लढा मतपेटीतूनच लढला गेला. १९७६ मध्ये पार्ती केबेक्वा सत्तेवर आला. पुढच्याच वर्षी त्याने फ्रेंच भाषेची सनद संमत केली.

दोन सार्वमते

२० मे १९८० रोजी पहिले सार्वमत झाले. कॅनडाशी आर्थिक सहयोग राखून सार्वभौम होण्याच्या वाटाघाटींसाठी मागितलेला कौल सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला. ३० ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. विरोधात ५०.५८ आणि बाजूने ४९.४२ टक्के मते पडली. अंतर होते अवघ्या ५४,२८८ मतांचे. प्रांताच्या उत्तर भागातील क्री या मूलनिवासी समाजाने त्याच महिन्यात स्वतंत्र मतदान घेऊन कॅनडातच राहण्याचा प्रचंड बहुमताने कौल दिला. क्वेबेकला कॅनडातून बाहेर पडता येत असेल, तर क्री प्रदेशाला क्वेबेकमधून का नाही, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

कायद्याचे उत्तर

२० ऑगस्ट १९९८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला अभिप्राय दिला. राज्यघटनेनुसार किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार क्वेबेकला एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास उर्वरित कॅनडाला वाटाघाटी कराव्या लागतील, असेही बजावले. अशा रीतीने विभक्त होणे हा परस्पर बजावण्याचा हक्क न राहता वाटाघाटींचा विषय ठरला. ‘स्पष्ट’ म्हणजे किती, हे न्यायालयाने राजकारणावर सोपवले. २००० मध्ये केंद्रीय संसदेने तो निर्णय कायद्याने स्वतःकडे घेतला, पण बहुमताची टक्केवारी ठरवली नाही. क्वेबेकच्या विधानसभेने त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून ‘पन्नास टक्के अधिक एक मत’ पुरेसे असल्याचे जाहीर केले. हा पेच राजकीयदृष्ट्या आजही सुटलेला नाही.

घटनेबाहेरची स्वायत्तता

१९८२ ची घटनादुरुस्ती क्वेबेकच्या संमतीविना झाली. ती उणीव भरून काढण्यासाठी झालेला मीच लेक करार १९९० मध्ये कोसळला, तर शार्लटाउन करार १९९२ च्या देशव्यापी सार्वमतात फेटाळला गेला. परंतु घटनेच्या दारी जे मिळाले नाही, त्यातील पुष्कळसे प्रशासकीय करारांतून मिळाले. १९९१ च्या करारान्वये कुशल स्थलांतरितांची निवड क्वेबेक स्वतः करतो. तेथे प्राप्तिकराचे विवरणपत्र प्रांताकडे वेगळे भरावे लागते. तेथे कायमचे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबालाही या व्यवस्थेचा थेट अनुभव येतो, कारण भाषा सनदेनुसार स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी अनुदानित शाळेत सामान्यतः फ्रेंच माध्यमातूनच शिकावे लागते.

भारताशी तुलना

भारतीय संविधान देशाला ‘राज्यांचा संघ’ म्हणते आणि तिसऱ्या कलमान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला देते. संबंधित राज्याचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. कॅनडात प्रांताच्या संमतीविना त्याची सीमा बदलता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळही भाषेच्या पायावर उभी होती. परंतु तिची मागणी संघांतर्गत राज्याची होती आणि १ मे १९६० रोजी ती बव्हंशी पूर्ण झाली. क्वेबेककडे भाषक प्रांत आरंभापासूनच होता. म्हणून तेथील वाद राज्य मिळवण्याचा नसून, अल्पसंख्य भाषक समाजाच्या सुरक्षिततेला प्रांताचे अधिकार पुरे पडतात की स्वतंत्र राष्ट्रच हवे, याविषयीचा आहे.