पाच कसोट्या, पाच पराभव : १९५९ चा इंग्लंड दौरा

१/
१८ जून १९५९. लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचे तीन गडी ६१ धावांत बाद झाले आहेत. सलामीला आलेल्या नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या बरगड्यांवर ब्रायन स्टॅथमचा चेंडू आदळलेला आहे. दोन बरगड्या मोडल्या आहेत, तरीही ते खेळपट्टी सोडत नाहीत. समोर उभे आहेत सातारा जिल्ह्यातील पाचगणीत जन्मलेले जयसिंगराव घोरपडे. दोघे मिळून ८३ धावा जोडतात.

२/
धावफलक १४४ वर असताना ही जोडी फुटली आणि १६८ वर डाव संपला. उरलेल्या गड्यांना मिळून पंचवीस धावाही करता आल्या नाहीत. टॉमी ग्रीनहॉ या लेगस्पिनरने ३५ धावांत पाच बळी घेतले. कॉन्ट्रॅक्टर ८१, घोरपडे ४१. घोरपडे यांच्या आठ कसोटींच्या कारकिर्दीतली ही सर्वोच्च खेळी ठरली.

३/
त्या उन्हाळ्यात भारत पाचही कसोट्या हरला. पाच सामन्यांच्या मालिकेत प्रतिस्पर्ध्याला पाच–शून्य असे हरवण्याची इंग्लंडची ही पहिलीच वेळ. या पराभवाचे स्पष्टीकरण बहुधा दोन शब्दांत दिले जाते : दुखापती आणि दुबळा बचाव. दोन्ही खरे आहे. प्रश्न एवढाच, की ही दोन कारणे खरोखर वेगळी होती का?

४/
त्यासाठी सात वर्षे मागे, १९५२ च्या इंग्लंड दौऱ्याकडे जावे लागते. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत त्यांनी ८९ आणि विजय मांजरेकर यांनी १३३ धावा केल्या. दोघांची भागीदारी २२२ धावांची. सामना बरोबरीत चालला आहे असे वाटत असतानाच दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर एकही धाव लागण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले. शून्यावर चार! कसोटी क्रिकेटमधली ही सर्वांत वाईट सुरुवात. त्यांपैकी तीन बळी फ्रेड ट्रूमनचे होते आणि तो त्याचा पहिलाच कसोटी सामना होता.

५/
बाद झालेले ते चार फलंदाज कोण? पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर. ही नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. गायकवाड यांचाही तो पदार्पणाचा सामना होता. हजारे आणि दत्तू फडकर यांनी १०५ धावांची भागीदारी करून लाज राखली, पण पराभव टळला नाही. पुढे मँचेस्टरला भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला; ट्रूमनचे आकडे ३१ धावांत ८ बळी. चार कसोटींत त्याने २९ गडी बाद केले.

६/
१९५२ च्या त्या पडझडीला दुखापती जबाबदार नव्हत्या. त्या वेळी भारतात खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावा असा गोलंदाज जवळपास नव्हता आणि देशी खेळपट्ट्या संथ होत्या. रणजी सामन्यांत शतकांमागून शतके ठोकणाऱ्या फलंदाजाला छातीच्या उंचीवर उसळणारा चेंडू वर्षानुवर्षे दिसतच नसे. असा चेंडू सोडायचा कसा, त्याच्या रेषेबाहेर कसे व्हायचे, हे शिकवणार कोण? इंग्लंडच्या उघड्या, पावसात भिजणाऱ्या खेळपट्टीवर मग पाय आपोआप लेगकडे सरकत.

७/
रोग १९५२ मध्येच उघड झाला होता. उपचार मात्र झाला नाही. क्रिकेट मंडळाचे लक्ष दुसऱ्याच खेळात गुंतले होते. १९५८–५९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्या वेगापुढे भारताने ती मालिका ०–३ अशी गमावली. पाच कसोटींत चार कर्णधार झाले : पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, हेमू अधिकारी. संघनिवडीतील हस्तक्षेपाला कंटाळून उम्रीगर यांनी मद्रास कसोटीच्या तोंडावर कर्णधारपद सोडून दिले.

८/
इंग्लंडला जाणाऱ्या संघाचे नेतृत्व आले दत्ताजीराव गायकवाड यांच्याकडे. १९५७–५८ मध्ये त्यांनी बडोद्याला रणजी करंडक जिंकून दिला होता, पण कसोटी संघातले त्यांचे स्वतःचे स्थान पक्के नव्हते. त्यातच दौऱ्याचे व्यवस्थापक होते बडोद्याचे महाराज फत्तेसिंहराव गायकवाड. या योगायोगामुळे कुजबुज होणे अटळ होते. वास्तविक हजारे, घोरपडे, गायकवाड हे सारेच बडोद्याकडून खेळलेले. सातारा-सांगलीकडच्या मुलांना त्या काळी मोठे क्रिकेट बडोद्यासारख्या संस्थानाच्या आश्रयाने मिळे. रामचंद, मंकड आणि अधिकारी या अनुभवी खेळाडूंची नावे दौऱ्याच्या यादीत नव्हती. १९५२ च्या त्या चौघांपैकी तिघे मात्र होते : रॉय, मांजरेकर आणि खुद्द कर्णधार. पलीकडे ट्रूमन होताच.

९/
पहिली कसोटी नॉटिंगहॅमला. पीटर मे यांचे शतक, इंग्लंड ४२२. भारत २०६ आणि १५७. एक डाव आणि ५९ धावांनी पराभव. ट्रूमनच्या चेंडूने चंदू बोर्डे यांचे बोट मोडले, त्यामुळे ते पुढच्या सामन्याला मुकले.

१०/
दुसरी कसोटी लॉर्ड्सची. गायकवाड आजारी, म्हणून नेतृत्व पंकज रॉय यांच्याकडे. म्हणजे नोव्हेंबर १९५८ ते जून १९५९ या सात महिन्यांत भारताचा हा सहावा कर्णधार! बोर्डे आणि गायकवाड या दोघांच्याही अनुपस्थितीत घोरपडे संघात आले, आणि प्रारंभी सांगितलेली ती भागीदारी घडली.

११/
हा सामना भारताने गमावायला नको होता. उंचीने लहान असलेल्या रमाकांत देसाई या वीस वर्षांच्या मुंबईकर गोलंदाजाने ८९ धावांत पाच बळी घेतले. इंग्लंडची आघाडीची फळी शंभराच्या आत मोडली होती. पण केन बॅरिंग्टनने ८० धावा काढल्या आणि शेपटाला आवरणे भारताला जमले नाही. स्टॅथमसारखा शेवटच्या फळीतला गोलंदाज ३८ धावा करून गेला, इंग्लंड २२६. बचाव म्हणजे केवळ बॅट आणि पॅड नव्हे. सुटणारे झेल आणि सैल क्षेत्ररक्षण हाही दुबळा बचावच. सुभाष गुप्ते यांनी त्या मालिकेत १७ बळी घेतले. त्यांच्या चेंडूवर उडालेले झेल हाताला लागले असते तर हा आकडा किती झाला असता, यावर जुने जाणकार पुढे अनेक वर्षे हळहळत राहिले.

१२/
दुसऱ्या डावात मोडक्या बरगड्यांनिशी कॉन्ट्रॅक्टर खालच्या क्रमांकावर पुन्हा उतरले आणि ११ धावांवर नाबाद राहिले. मांजरेकर यांनी ६१ धावा केल्या, पण त्यांचा गुडघा साथ देत नव्हता. लॉर्ड्स हीच त्यांची त्या मालिकेतली शेवटची कसोटी ठरली. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. इंग्लंडने १०८ धावांचे लक्ष्य दोन गडी गमावून गाठले.

१३/
लीड्सबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. कोलिन काउड्री १६०, इंग्लंड ८ बाद ४८३. भारत १६१ आणि १४९. तीन दिवसांत खेळ खलास.

१४/
मँचेस्टरला चित्र थोडे पालटले. मांजरेकर यांची जागा भरायला ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या वीस वर्षांच्या अब्बास अली बेग यांना बोलावण्यात आले. इंग्लंडनेही आता कर्णधार बदलला होता, मे यांच्या जागी काउड्री. त्याने त्यांचे काहीच अडले नाही, हा दोन संघांमधला फरक. चौथ्या डावात भारतापुढे ५४८ धावांचे अशक्य लक्ष्य होते. बेग ८५ वर असताना हॅरोल्ड ऱ्होड्सचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. शिरस्त्राणे यायला अजून जवळपास वीस वर्षे होती. बेग तंबूत गेले, परत आले, आणि पदार्पणातच शतक पूर्ण करून ११२ वर धावचीत झाले. उम्रीगर ११८. भारत ३७६. पराभव १७१ धावांनी, पण त्या दौऱ्यातला मान ताठ ठेवावा असा हा एकमेव सामना.

१५/
ओव्हलवर पुन्हा डावाने हार. ट्रूमनचे मालिकेतले बळी २४.

१६/
आता दुखापतींची यादी पुन्हा पाहावी. मांजरेकर यांचा गुडघा आणि गायकवाड यांचे आजारपण हे दुर्दैव म्हणता येईल. पण बोर्डे यांचे बोट, कॉन्ट्रॅक्टर यांच्या बरगड्या, बेग यांचे डोके? तिन्ही ठिकाणी वेगवान गोलंदाजाचा चेंडू अंगावर आला होता. असा चेंडू कोणालाही लागू शकतो, इंग्लंडच्या फलंदाजांनाही लागे. मात्र ज्या संघाला त्याची सवयच नाही, त्याला तो अधिक वेळा लागतो. जखमांमुळे संघ हरला हे अर्धेच सत्य आहे. ज्या उणिवेमुळे तो हरत होता, तीच उणीव त्याला जखमीही करत होती.

१७/
दोषाचे धनी मात्र एकटे गायकवाड झाले. त्यांना पुन्हा नेतृत्व मिळाले नाही. जानेवारी १९६१ मध्ये मद्रासला पाकिस्तानविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले. घोरपडे १९५९ नंतर भारताकडून खेळलेच नाहीत. सात महिन्यांत सहा कर्णधार नेमणाऱ्यांना कोणी जाब विचारल्याचे दिसत नाही.

१८/
पराभवांची माळ डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियापुढे सहाव्या मण्यापर्यंत पोचली. मग लगेच कानपूर. रामचंद यांच्या नेतृत्वाखाली जसू पटेल यांनी एका डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १४ बळी घेतले, कॉन्ट्रॅक्टर यांनी दुसऱ्या डावात ७४ धावा केल्या आणि भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. विजयाच्या आनंदात जुना प्रश्न मागे पडला. तो सामना फिरकीने जिंकला होता, वेगाच्या बंदोबस्ताने नव्हे.

१९/
१७ मार्च १९६२. बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. आता ते भारताचे कर्णधार होते. काही आठवड्यांपूर्वीच त्यांच्या संघाने इंग्लंडला मायदेशात २–० असे हरवले होते. कवटीला तडा गेला, प्राण कसेबसे वाचले. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, आणि ती मालिकाही भारताने ०–५ अशीच गमावली.

२०/
त्यानंतर मंडळाला जाग आली. १९६२–६३ च्या हंगामासाठी वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज भारतात बोलावण्यात आले : गिलख्रिस्ट, चेस्टर वॉटसन, लेस्टर किंग आणि चार्ली स्टेयर्स. स्टेयर्स मुंबईकडून, गिलख्रिस्ट हैदराबादकडून रणजी खेळले. भारतीय फलंदाजांना घरच्या मैदानावर वेगाचा सराव मिळावा, हा त्यामागचा हेतू. लीड्सच्या शून्यावर चारला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती.