जुने ग्रंथ आणि थोडक्या भांडवलाचे विज्ञानपट

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात एडिसन कंपनीची चित्रशाळा होती. तेथे १९१० सालच्या जानेवारी महिन्यात एक बाहुला जाळण्यात आला. आग लागताच त्याचे अंग वितळून गळू लागले, हात लोंबकळले, आणि अखेरीस आतला सांगाडा तेवढा उरला. कॅमेऱ्याने हे सर्व टिपून घेतले. मग ती फीत उलट्या क्रमाने जोडण्यात आली. प्रेक्षकांस पडद्यावर दिसले ते निराळेच. एका मोठ्या कढईत धूर उसळतो आहे, धुरातून हाडे वर येत आहेत, हाडांवर मांस चढते आहे, आणि अजून पुरते न घडलेले एक शरीर हात हलवू पाहत आहे! मृत्यूची फीत उलटी फिरविली आणि जन्म झाला. या साऱ्या चमत्कारास खर्च आला तो एका बाहुल्याचा.

हा चित्रपट म्हणजे मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचे पडद्यावरील पहिले रूप होय. कादंबरी १८१८ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ती लिहावयास घेतली तेव्हा लेखिकेचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चित्रपट मात्र एकाच रिळाचा, पाव तासही न पुरणारा. दिग्दर्शक जे. सर्ल डॉली यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो उघडच आहे. तीन खंडांतील उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रवास, निरपराध दासीवरील खटला, राक्षसाने झोपडीआड लपून माणसांची भाषा शिकणे, हे सारे पंधरा मिनिटांत आणि थोडक्या पैशांत बसवावयाचे कसे? त्यांनी ते बसविलेच नाही. बहुतेक सर्व टाकून दिले आणि एक आरसा ठेवला.

चित्रपटाच्या शेवटी तो राक्षस आरशात स्वतःचे रूप पाहतो आणि अदृश्य होतो. मात्र आरशातील त्याचे प्रतिबिंब तेवढे तसेच राहते. एवढ्यात फ्रँकेन्स्टाइन खोलीत येतो, आरशासमोर उभा राहतो, आणि त्यास स्वतःच्या जागी राक्षस दिसतो. मग हळूहळू ते भेसूर रूप विरते आणि त्याचा स्वतःचा चेहरा परत येतो. निर्माता आणि निर्मिती हे एकाच मनाचे दोन भाग आहेत, हा त्या कादंबरीचा गाभा. त्यावर पुढे विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. येथे तो एका आरशाने आणि कॅमेऱ्याच्या एका युक्तीने सांगून टाकला आहे. १९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने याच कथेवर काढलेला बोलपट जगभर गाजला. त्यातील विजेचे लोळ आणि कडाडणारी यंत्रे आजही सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु मूळ पुस्तकात ती यंत्रे नाहीत. शेलीबाईंनी जीव घालण्याची कृती मुद्दामच झाकून ठेवली होती. श्रीमंत चित्रपटास ती उघडून दाखविल्यावाचून राहवले नाही, आणि त्या झगमगाटात आरसा मात्र हरवला.

पैसा हाताशी असला म्हणजे ग्रंथातील सर्व काही पडद्यावर मांडता येते. नसला म्हणजे काय मांडावयाचे हे ठरवावे लागते, आणि ठरविण्यासाठी ग्रंथ पुन्हा नीट वाचावा लागतो. थोडक्या भांडवलाच्या ज्या विज्ञानपटांनी जुन्या साहित्यास नवे रूप दिले, त्यांतील चांगल्यांचे बळ या वाचनात आहे. अर्थात गरिबीने प्रतिभा येते असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९५३ साली निघालेल्या एका चित्रपटात परग्रहावरील शत्रू म्हणून गोरिलाच्या केसाळ पोशाखातील एक माणूस डोक्यावर शिरस्त्राण घालून हिंडतो. तेथे पैसाही नव्हता आणि कल्पनाही नव्हती! असे चित्रपट शेकड्यांनी निघाले आणि विसरले गेले, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

दुःख आहे ते निराळ्या गोष्टीचे. स्वस्त म्हणून गणले गेलेले चित्रपट कोणी जपून ठेवीत नसे. त्यामुळे वाईटाबरोबर चांगलेही गेले. एडिसन कंपनीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ कित्येक दशके नष्टच झाला असे सर्व जण समजत होते. विस्कॉन्सिन राज्यातील एका हौशी संग्राहकाजवळ त्याची एक जीर्ण प्रत निघाली म्हणून तो वाचला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती दुरुस्त करून २०१८ साली, म्हणजे कादंबरीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, सर्वांसाठी खुली केली.

फिरत्या फितीशी काळाचा खेळ करण्याची ही युक्ती त्याच सुमारास आपल्याकडेही साधली गेली होती. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपून पडद्यावर क्षणात उगवणारी वेल दाखविली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी त्यांनी वापरलेले हे साधन म्हणजे कुंडीतील एक रोपटे. मात्र फाळके यांचा ओढा पुराणांकडे होता. विज्ञानकथेकडे ते वळले नाहीत.

ग्रंथाचा याहूनही सूक्ष्म विचार झाला तो झेकोस्लोव्हाकियात. तेथील झ्लीन या गावचे नाव आपल्याकडे फारसे ठाऊक नसले तरी त्या गावच्या एका कंपनीचे नाव प्रत्येक घरात ठाऊक आहे. ती म्हणजे बाटा. या पादत्राणांच्या कारखानदारांनी आपल्या जाहिरातींचे चित्रपट काढण्यासाठी झ्लीन येथे एक चित्रशाळा बांधली होती. महायुद्धानंतर ती सरकारच्या ताब्यात गेली. तेथेच जाहिरातींच्या धंद्यातून आलेले कारेल झेमान बाहुल्यांचे आणि चलच्चित्रांचे प्रयोग करीत असत. १९५८ साली त्यांनी ‘विनालेझ झ्काझी’, म्हणजे ‘विनाशाचा शोध’, या नावाचा चित्रपट काढला. आधार होता ज्यूल व्हर्न यांच्या १८९६ सालच्या एका कादंबरीचा.

व्हर्न यांचे नाव मराठी वाचकास परके नाही. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्यांच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर मराठीत येऊ लागले होते. पुढे भा. रा. भागवत यांनी मुलांच्या कित्येक पिढ्यांस व्हर्नची गोडी लावली. या पुस्तकांच्या जुन्या फ्रेंच आवृत्त्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांस त्यांतील चित्रे आठवतील. लाकडी ठशांवर कोरलेली ती चित्रे बारीक समांतर रेषांनी भरलेली असत. रेषांनी समुद्र, रेषांनी धूर, रेषांनीच माणसांच्या कोटावरील छाया. हॉलिवूडमध्ये डिस्ने कंपनीने १९५४ साली व्हर्न यांच्या पाणबुडीची कथा अफाट खर्च करून रंगीत पडद्यावर आणली होती. तिची बरोबरी करावयाची म्हटले तर झेमान यांच्याजवळ समुद्र नव्हता, जहाजे नव्हती आणि रंगही नव्हते. तेव्हा त्यांनी प्रश्नच फिरविला. समुद्र खरा कशास हवा? वाचकाच्या मनात व्हर्नचा समुद्र आहे तो पुस्तकातील चित्राचा! म्हणून त्यांनी पुस्तकातील ती कोरीव चित्रेच हलती केली. भिंतींवर, यंत्रांवर, नटांच्या पोशाखांवरदेखील कोरीव कामाच्या रेषा रंगविण्यात आल्या. रंगविलेले पडदे, कापलेले कागद, लहान प्रतिकृती आणि जिवंत नट हे सारे एकाच चौकटीत असे बेमालूम मिसळले की, पाहणाऱ्यास आपण पुस्तकाच्या पानात शिरलो आहोत असे वाटावे. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत तो व्हर्नच्या नावावर दाखविण्यात आला.

परंतु केवळ या कारागिरीने हा चित्रपट संस्मरणीय ठरता ना. झेमान यांनी कथेचा शेवट बदलला, आणि तो बदल विचार करण्याजोगा आहे. कादंबरीतील रॉक नावाच्या शास्त्रज्ञाने भयंकर शक्तीचे एक स्फोटक शोधून काढलेले असते. त्याचा विक्षिप्तपणा वाढतो, आणि समुद्री चाच्यांचा एक म्होरक्या त्यास पळवून एका ज्वालामुखी बेटावर नेतो. योग्य किंमत देईल त्यास आपला शोध विकण्यास हा शास्त्रज्ञ तयार असतो. पुस्तक प्रसिद्ध होताच तुर्पँ नावाच्या खऱ्या फ्रेंच संशोधकास रॉकमध्ये आपलीच छबी दिसली, आणि त्याने व्हर्न यांना कोर्टात खेचले. व्हर्न यांचे वकीलपत्र घेतले होते रेमाँ प्वँकारे यांनी. हेच गृहस्थ पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. व्हर्न निर्दोष सुटले.

तर या कादंबरीच्या शेवटी शत्रूच्या जहाजांवर मारा करावयाची वेळ येते, तेव्हा रॉकला समोर फ्रान्सचा तिरंगी ध्वज दिसतो. जन्मभूमीच्या निशाणावर त्याचा हात उठत नाही, आणि तो आपल्या शोधासह बेटच उडवून देतो. १८९६ साली हा शेवट वाचकांस पटण्याजोगा होता. १९५८ सालच्या जगाने हिरोशिमा पाहिले होते. ज्यांनी ते अस्त्र निर्माण केले ते कोणी वेडे नव्हते आणि चाच्यांचे कैदीही नव्हते. त्यांच्यासमोर त्यांचा स्वतःचा ध्वज फडकतच होता. मग ध्वज पाहून शास्त्रज्ञाचे मन पालटते असे दाखविण्यात काय अर्थ उरला होता? झेमान यांच्या चित्रपटात रॉकला भानावर आणणारी वस्तू म्हणजे कोणाचे निशाण नव्हे. आपण काय घडविले आणि ते कशासाठी वापरले जाणार आहे, एवढे त्यास उशिरा का होईना कळते. स्फोट तोच आहे, बेट तेच आहे. कारण मात्र बदलले आहे. रेषांनी भरलेल्या त्या खेळण्यासारख्या जगात हा एक प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो.

अमेरिकेत या कामी एक सोय होती. जुने कथानक उचलून दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवावयाचे. १९५६ साली एम. जी. एम. कंपनीने शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकातील बेट असेच एका दूरच्या ग्रहावर नेले, पण त्या कंपनीची तिजोरी मोठी होती. पैशाच्या ओढाताणीत हेच काम बायरन हॅस्किन यांनी केले. डॅनियल डीफो यांचा रॉबिन्सन क्रूसो १७१९ साली एका निर्जन बेटावर फेकला गेला होता. हॅस्किन यांनी त्यास १९६४ साली मंगळावर टाकले. मंगळ म्हणून निवडले कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचे वाळवंट. तेथील निळे आकाश रसायनशाळेतील युक्तीने तांबडे करण्यात आले. परग्रहवासीयांच्या विमानांचा घाट हॅस्किन यांच्याच जुन्या एका चित्रपटातील विमानांसारखा ठेवला, आणि त्यांची तीच तीच उड्डाणे पुन्हा पुन्हा दाखविली. नटही नावाजलेले नव्हते. बराच वेळ पडद्यावर असतो तो पॉल मँटी नावाचा एकच नट आणि एक माकड.

हे एकटेपणच त्या चित्रपटाचे भांडवल झाले. डीफोच्या क्रूसोजवळ पोपट होता. बेटावर त्यास नावाने हाक मारणारा तो एकटाच, आणि ती हाकही क्रूसोनेच शिकविलेली. मंगळावरचा ड्रेपर ध्वनिमुद्रण यंत्राशी बोलतो. एकदा त्याचा मेलेला सोबती गुहेच्या दाराशी येऊन उभा राहतो. ड्रेपर त्याची विनवणी करतो की, काहीतरी बोल. तो बोलत नाही. ते स्वप्न असते. या प्रसंगास एक पैही अधिक लागली नसेल.

चित्रपटाच्या जाहिरातीत तो शास्त्रशुद्ध असल्याचे सांगण्यात आले होते. तापविल्यावर प्राणवायू सोडणारे दगड, जमिनीखालचे पाणी, त्यात वाढणाऱ्या खाण्याजोग्या वनस्पती, असा सारा बेत त्यात आहे. वर्षभरातच, १९६५ च्या जुलैमध्ये, मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत चंद्रासारखी विवरे दिसली, आणि तेथील वातावरण अतिशय विरळ असल्याचे सिद्ध झाले. ते शास्त्र एका उन्हाळ्यात जुने झाले!

जुना झाला नाही तो फ्रायडे. डीफोचा क्रूसो बेटावर पोहोचतो तो गुलाम आणण्यासाठी आफ्रिकेकडे निघालेल्या जहाजातून. पुढे बेटावर भेटलेल्या माणसास तो प्रथम आपले नाव ‘मालक’ असे शिकवितो. दोन शतके मुलांना हे पुस्तक साहसकथा म्हणून देण्यात आले, आणि या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मंगळावरचा फ्रायडे हा परग्रहावरील खाणमालकांचा पळालेला गुलाम आहे. त्याच्या मनगटांवर काळी कडी आहेत, आणि त्या कड्यांवरून मालकांची विमाने त्याचा माग काढतात. ड्रेपरही आरंभी त्याच्यावर हुकूम गाजवू पाहतो, जुन्या क्रूसोचीच हवा त्याच्या डोक्यात असते. पण श्वास कोंडण्याची वेळ येते तेव्हा फ्रायडे आपल्याजवळची प्राणवायूची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवतो. त्यानंतर हुकमाची भाषा हळूहळू मावळते. त्याच वर्षी अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला. चित्रपटकर्त्यांच्या मनात तो कितपत होता हे चित्रपट सांगत नाही. तो दाखवितो एवढेच की, शत्रूंची विमाने आकाशात घिरट्या घालीत असता दोघे जमिनीखालच्या बोगद्यांतून ध्रुवाकडील बर्फाच्या दिशेने निघाले आहेत. आणि जेथे थोडी उसंत मिळेल तेथे ड्रेपर खाली बसून फ्रायडेच्या मनगटावरील कडे करवतीने कापीत आहे.