बैल मिरवणाऱ्या मुलखात दूध कोणाच्या वाट्याला?

परवा बडकस चौकात चहा पिताना बाजूचे काका म्हणाले, "आपल्या विदर्भातल्या माणसाले दुधाचा धंदा जमतच नाही बाप्पा. आळशी आहोत आपण." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. इतिहास पाहिला तर मात्र गोष्ट वेगळी निघते. पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा.

महालात वाढलेल्या प्रत्येकाने तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागितलाय. लाकडी गाय कोणी मिरवली का? नाही. आपली इथली गाय म्हणजे गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा हा तिचा मुलूख. पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ. मराठी फौजेला सामान झपाट्याने ओढणारे बैल हवे होते, म्हणून ही जात त्याच गुणासाठी निवडली गेली. पुढे कापूस आला आणि तेच बैल कापसाच्या बंड्यांना जुंपले. दूध हा हेतू कधी नव्हताच. वासरू पिऊन उरेल तेवढं घरचं.

त्या उरलेल्या दुधाचं मोल आजीला ठाऊक होतं. ती विरजण लावायची, लोणी काढून तूप कढवायची आणि ताक सगळ्यांना पुरवायची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते दुधाताकात असतं. विरजल्यावर दुधातली साखर कमी होते, म्हणून दूध न पचणाऱ्यालाही ताक चालतं. भाकरी-ताक हे गरिबाचं जेवण खरं, पण शहाणपणाचं.

१९२० च्या दशकात कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचा आहार दिला. पोळी, डाळ, भाज्या, दूध-लोणी असा शीख आहार पहिला आला. मराठ्यांचा तिसरा. दूध नसल्यातच जमा असलेला, सडलेल्या तांदळाचा मद्रासी आहार शेवटी.

आपल्या शेजारीच, वर्ध्यात, यावर विचार झाला होता. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. मोठ्या आजारपणानंतर कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीचं दूध घेऊ लागले. दुधाची जागा घेईल असं वनस्पतीजन्य काही त्यांना सापडलं नाही, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवेचं काम हाती घेतलं. गाय दूधही देईल आणि तिचा गोऱ्हा शेतातही चालेल, अशी ती कल्पना. पुढच्याच फेब्रुवारीत जमनालालजी गेले.

तिकडे कोल्हापुरात १९६३ मध्ये सहकारी दूध संघ उभा राहिला. उसाचं वाढं, बागायती चारा, गावोगाव संकलन. आपल्याकडे कोरडवाहू कापूस. पऱ्हाटी काही जनावराचं पोट भरत नाही.

मग २००६ चं पॅकेज आलं. ३,७५० कोटी, विदर्भातले सहा जिल्हे. त्यात शेतकऱ्यांना जास्त दूध देणाऱ्या महागड्या गाई वाटल्या. चारा नाही, पाणी नाही, जवळ संकलन नाही. गाईचा रोजचा खर्च घरच्या माणसांपेक्षा जास्त. कित्येकांनी विकून टाकल्या. यात आळस कुठे दिसला?

२०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा संकलन सुरू झालं. चांगलंच आहे. पण माझा प्रश्न लिटरचा नाही, वाटीचा आहे. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ३०० मिली दूध किंवा दही सांगितलंय. चौघांच्या घरात सव्वा लिटरच्या जवळ. महालातल्या किती घरांत एवढं येतं? आणि जे खेड्यात दूध काढून डेअरीवर घालतात, त्यांच्या पोरांच्या वाटीत काय उरतं?

आजीच्या काळी लोणी विकलं तरी ताक घरी राहायचं. आता सगळंच कॅनमध्ये जातं.

दूध वाढवा, जरूर वाढवा. पण त्याआधी चारा द्या, आणि शाळेच्या ताटात आठवड्यातून काही दिवस तरी दही-ताक येऊ द्या. राजेहो, तुमच्या घरी ताक अजून होतं का? लिहा खाली.