कराची ते मुंबई

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला भूगोलाचे उत्तर एकच असते. इतिहासाची उत्तरे मात्र अनेक असतात. कराची आणि मुंबई या दोन बंदरांमध्ये सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटरांचे अंतर आहे. ते कधी वाढले नाही, की घटले नाही. परंतु ते ओलांडण्यास लागणारा वेळ वारंवार पालटत गेला, आणि तो केवळ यंत्रांमुळेच पालटला असे म्हणता येत नाही.

१८४३ साली सिंध प्रांत इंग्रजांच्या हाती पडला व १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. १९३६ पर्यंत ही व्यवस्था टिकली. नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी शिक्षणाधिकारी याच काळात सिंधमध्ये गेले. कराचीतील एका जुन्या सरकारी शाळेस त्यांचे नाव मिळाले. आगबोटीने हा प्रवास दीड-दोन दिवसांचा होता. पण वाटेत परकी हद्द नव्हती.

१९२९ मध्ये लंडनचे टपाल विमानाने कराचीस येऊ लागले. तेथून पुढे मात्र ते आगगाडीने जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून आपले लहानसे ‘पस मॉथ’ विमान उडविले. त्यात प्रवासी नव्हता. होत्या त्या केवळ टपालाच्या थैल्या. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी दोनच्या आत ते जुहूस उतरले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. म्हणून त्या दिवसांत विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. दोन दिवसांची वाट अशा रीतीने सव्वासात तासांवर आली.

पंधराच वर्षांनी फाळणी झाली. कराचीहून बोटींनी आलेले हजारो निर्वासित मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहू लागले. तिचेच पुढे उल्हासनगर झाले. त्यांच्या लेखी कराची किती मैल दूर होती, हे नकाशावरून सांगता आले नसते.

पुढे जेट विमान आले. वाट दीड तासाची झाली. पण ती मोकळी राहीलच, याची शाश्वती उरली नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांस आपले आकाश बंद केले. १९७६ साली ते पुन्हा खुले झाले. २००२ च्या आरंभी बंद पडलेली विमाने २००४ च्या आरंभी सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस पुन्हा मज्जाव केला. अशा वेळी दुबईमार्गे जाणाऱ्या प्रवाशाला ८८० किलोमीटरांसाठी सुमारे ३१०० किलोमीटर उडावे लागते.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तशाच एका जुन्या विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. १९३२ साली ते एकाच इलाख्यातील दोन शहरांमधले होते. १९८२ साली ते दोन राष्ट्रांमधले होते. वेग वाढविणे हे यंत्राचे काम आहे. वाट खुली ठेवणे हे माणसांचे.