इंधनदाबाचे दोषनिदान (पेट्रोल इंजेक्शन मोटारी)

इंधनदाबाचे दोषनिदान म्हणजे इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल मोटारीत इंजेक्टरांपर्यंत पोहोचणाऱ्या पेट्रोलचा दाब आणि प्रवाह ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे तपासून बिघाडाचे मूळ शोधण्याची प्रक्रिया होय. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीत पेट्रोल अर्ध्या बारपेक्षाही कमी दाबाने येत असे आणि दाबातील लहानसहान फरक कार्ब्युरेटरमधील तरंगकाच्या कक्षात जिरून जात. इंजेक्शन पद्धतीत ती सोय नाही. इंजिन नियंत्रक संगणक (ईसीयू) केवळ इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो; तेवढ्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडेल हे दाबावर अवलंबून असते. बहुतेक साध्या प्रणालींत दाब मोजणारा सेन्सरही नसतो, त्यामुळे दाब योग्य आहे असे ईसीयू गृहीत धरतो.

कार्यतत्त्व

इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर प्रथम १९६७ मध्ये बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीच्या रूपाने फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आले. त्या प्रणालीचा दाब सुमारे २ बार होता. पुढील काळातील बहुबिंदू इंजेक्शन (एमपीएफआय) मोटारींत तो साधारणतः २.५ ते ४ बार असतो. टाकीत बुडालेला विद्युत पंप पेट्रोल फिल्टरमधून इंजेक्टरांच्या सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये ढकलतो आणि दाबनियामक जास्तीचे पेट्रोल टाकीत परत सोडतो.

इंजेक्टरमधून होणारा प्रवाह हा रेलमधील दाब आणि इनटेक मॅनिफोल्डमधील दाब यांच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हा फरक ३ बारवरून २.५ बारवर आला, तर तेवढ्याच वेळात सुमारे ९ टक्के पेट्रोल कमी पडते; २ बारवर आला तर सुमारे १८ टक्के. जुन्या परतनळीच्या रचनेत दाबनियामकाला मॅनिफोल्डची निर्वात नळी जोडलेली असते, म्हणून मंदगतीत रेलमधील दाब सुमारे अर्धा बार कमी दिसतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच वाढतो. हा बिघाड नव्हे. परतनळी नसलेल्या नव्या रचनेत दाबनियामक टाकीतच पंपाबरोबर बसवलेला असतो, रेलमधील दाब स्थिर राहतो आणि मॅनिफोल्डमधील बदलाचा हिशेब ईसीयू करतो. समोरची मोटार यांपैकी कोणत्या रचनेची आहे हे ठाऊक नसेल, तर दाबमापकावरील आकड्याला अर्थ उरत नाही.

लक्षणे

दाब कमी असल्यास इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो, वेग वाढवताना गाडी अडखळते आणि घाट चढताना शक्ती कमी पडते. दाब जास्त असल्यास काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेले स्पार्क प्लग आणि घटलेले मायलेज दिसते. असे बराच काळ चालल्यास उत्प्रेरक परिवर्तकही खराब होतो. मात्र यांतील एकही लक्षण केवळ इंधनदाबाचे नाही. कमकुवत इग्निशन कॉइल, तुंबलेला एक्झॉस्ट किंवा मळलेला वायुप्रवाह सेन्सर यांमुळेही गाडी तशीच वागते. दाबमापक न लावता, निव्वळ लक्षणांवरून टाकीतला पंप बदलणे ही म्हणूनच खर्चिक चूक ठरते.

दाबमापन

काही मोटारींच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखी तपासणीची जागा असते. इतरांत पुरवठा नळीत तीन तोंडांचा जोड बसवावा लागतो. नळी सोडण्यापूर्वी पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे साठलेला दाब उतरतो. तरीही थोडे पेट्रोल सांडतेच. त्यामुळे तापलेल्या इंजिनावर हे काम करू नये आणि अग्निशामक हाताशी असावा.

किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू न करताही पंप साधारण दोन सेकंद चालतो, तेवढ्यात दाब ठरलेल्या पातळीला यायला हवा. त्यानंतर मंदगतीत, निर्वात नळी काढून आणि शेवटी रस्त्यावर भार देऊन नोंद घेतात. निर्वात नळी काढल्यावर दाब न वाढल्यास दाबनियामकावर किंवा त्या नळीवर संशय जातो. नळीत पेट्रोलचा ओलावा आढळल्यास नियामकाचा पडदा फाटला आहे असे निश्चित मानता येते. भाराखालची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुधा टाळली जाते. झिजलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर मंदगतीची अल्प गरज सहज भागवतो, त्यामुळे उभ्या गाडीत दाब निर्दोष दिसतो आणि चढावर कोसळतो.

इंजिन बंद केल्यावरही दाब काही काळ टिकला पाहिजे. तो लगेच उतरत असेल, तर गरम इंजिनाच्या उष्णतेने रेलमधील पेट्रोलची वाफ होते आणि थोड्या वेळाने गाडी सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. गळती कोठे आहे हे शोधण्यासाठी पंप थांबताच पुरवठ्याची रबरी नळी चिमटीने बंद करतात. आता दाब टिकल्यास पंपातील एकदिशा झडप सदोष असते. न टिकल्यास परतनळीही बंद करतात; त्याने दाब टिकल्यास दोष नियामकाचा, अन्यथा ठिबकणाऱ्या इंजेक्टरांचा. नायलॉनच्या नळ्या चिमटीने तडकतात, त्यांवर हा प्रयोग करू नये.

प्रवाह आणि वीजपुरवठा

दाब आणि प्रवाह या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून पेट्रोल मोजपात्रात काढून ठरावीक वेळातील प्रमाणही पाहतात; लहान मोटारींसाठी ३० सेकंदांत सुमारे अर्धा लिटर हा ढोबळ अंदाज चालतो, अचूक आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्रवाह कमी भरल्यास पंपाला दोष देण्यापूर्वी चालत्या पंपाच्या जोडणीवरील व्होल्टेज मोजणे आवश्यक असते. गंजलेली अर्थिंग, जळका रिले किंवा सैल जोडणी यांमुळे बॅटरीच्या तुलनेत एक-दोन व्होल्ट कमी मिळाले, तरी चांगला पंपही मंदावतो. अशा गाडीत नवा पंप बसवल्यावर काही दिवस सुधारणा जाणवते आणि तक्रार परत येते.

स्कॅनरवरील इंधन समायोजन

एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतावरून ईसीयू पेट्रोलचे प्रमाण सतत दुरुस्त करतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. दाब थोडा कमी असल्यास ती धन बाजूला सरकते आणि चालकाला काहीच जाणवत नाही. मर्यादा ओलांडल्यावर मिश्रण विरळ असल्याचा पी०१७१ हा संकेत नोंदवला जातो. धन दुरुस्ती मंदगतीत मोठी असून वेगाबरोबर घटत असेल, तर बहुधा मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरत असते. ती भाराबरोबर वाढत असेल, तर इंधनपुरवठा किंवा वायुप्रवाह सेन्सर तपासावा. रेलवर दाब सेन्सर असलेल्या मोटारींत पी००८७ हा कमी दाबाचा आणि पी००८८ हा जास्त दाबाचा संकेत असतो. संकेत दोषाची दिशा दाखवतो, निकामी भागाचे नाव सांगत नाही.

भारतातील विशेष बाबी

भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला ९ पट. त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० टक्के मिश्रणाकडे जाताना सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागते आणि स्कॅनरवरील धन दुरुस्ती तेवढी वाढते. तिला कमी दाबाचा पुरावा समजू नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळाचाच थर ओढतो. अशा वेळी दाब योग्य दिसूनही इंजिन चालत नाही, म्हणून काचेच्या पात्रात नमुना घेऊन पाहणे हितकारक असते.

पेट्रोल व सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारींत निदानाला आयती मदत मिळते. पेट्रोलवर अडखळणारी गाडी सीएनजीवर भाराखालीही सुरळीत चालत असल्यास इग्निशन व कॉम्प्रेशन बहुधा ठीक असून शोध पेट्रोलच्या बाजूला एकवटता येतो. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. त्यामुळे टाकी जवळजवळ रिकामी ठेवून गाडी चालवण्याची सवय पंपाचे आयुष्य घटवते.

थेट इंजेक्शन

ज्वलनकक्षात थेट पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत टाकीतील पंप काही बार दाबाने पुरवठा करतो आणि कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप तो दाब ५० पासून २०० बार किंवा त्याहूनही पुढे नेतो. या बाजूला साधा दाबमापक कधीही जोडत नाहीत. दाब स्कॅनरवर सेन्सरद्वारेच वाचतात. चालू इंजिनाची उच्चदाब नळी सैल केल्यास पेट्रोलची धार त्वचा भेदून आत शिरू शकते आणि अशी इजा बाहेरून किरकोळ दिसली, तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. उच्चदाब बाजूचा दाब कमी आढळल्यास आधी टाकीकडून येणारा पुरवठा तपासतात, कारण तोच अपुरा असेल तर महाग उच्चदाब पंप बदलूनही फरक पडत नाही.